संगीत नाटक बसवणं आणि मुलांना शिकवणं, यावर घर चालतं का? (प्रश्न लांबलचक आहे, सॉरी)

काळी_चार

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

मी २६ वर्षांची, कोल्हापूरची. गाण्यात विशारद झालंय. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडक स्पर्धेला आमची एकांकिका होती तिला सहायक दिग्दर्शक होते, आणि नंतर राज्य नाट्य स्पर्धेत, संगीत नाटकांची वेगळी स्पर्धा असते ना, त्यात एका हौशी संस्थेकडून संगीत सौभद्र नाटकातली रुक्मिणी केली. पण खरं सांगू का, माझा प्रवेश संपला की मेकअप तसाच ठेवून मी विंगेत उभी राहायचे आणि पुढचा प्रवेश कसा बसवलाय तेच बघत बसायचे. इथे हा उगाच का चालला, पद सुरू असताना बाकीचे तिघं खांबासारखे का उभे आहेत, असलं डोक्यात सुरू. थोडक्यात, मला दिग्दर्शन करायचंय आणि ते संगीत नाटकाचंच.

आता अडचण. घरी म्हणतात एम्ए कर, नाहीतर बँकेच्या परीक्षा दे. मध्येच एका इंग्लिश मीडियम शाळेतून ड्रामा टीचर म्हणून विचारणा आली आहे, महिना २८ हजार. मुलांबरोबर काम करायला मला आवडतं, सुट्टीतल्या शिबिरांना मदत केली आहे. पण ग्रुपमधला एकजण म्हणाला की ज्यांना नाटक बसवता येत नाही ते शाळेत शिकवायला जातात, आणि ते डोक्यात बसलंय.

तर प्रश्न असे: शाळा धरू, की ललित कला केंद्र (पुणे विद्यापीठाचं) किंवा एन्एस्डीचा (दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय) फॉर्म भरू, की कुणा जाणत्या माणसाच्या हाताखाली नुसतं सहायक म्हणून राहू? आणि संगीत नाटकाचा दिग्दर्शक हे आजच्या काळात करिअर आहे का, की नुसती हौस? इथे केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ला जळालं तेव्हापासून मोठे प्रयोग तसेही कमी झालेत, त्यामुळे काही सुचेनासं झालंय.

विंगेतून

पैशांचं आधी बोलतो, बाकीचं गोडगोड लिहायला पुढे लोक येतीलच.

व्यवस्थापन केलंय बरीच वर्षं त्यामुळे हिशोब माहिती आहेत. व्यावसायिक नाटकात दिग्दर्शकाला बसवायचे एकरकमी पैसे आणि वर प्रत्येक प्रयोगामागे ठरलेलं मानधन मिळतं, म्हणजे नाटक धावलं तर दिग्दर्शक धावला. संगीत नाटक धावत नाही कारण ते महाग पडतं. दोन-तीन पात्रांचं गद्य नाटक एका टेम्पोत आणि एका गाडीत बसतं, संगीत नाटकाला ऑर्गनवाला, तबलजी, कधी व्हायोलिन, त्यांची नाईट (म्हणजे प्रयोगाचं मानधन), त्यांचं जेवण-राहणं, ऑर्गन उचलायला माणसं, माइकवर वेगळा माणूस, आणि नायिकेचा घसा बसला तर बदली मिळत नाही. म्हणून हे प्रयोग महोत्सवात, एखाद्या गायकाच्या स्मृतिदिनाला, सभासद असलेल्या संस्थांमध्ये होतात. वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यावर घर चालत नाही, ज्यांचं चालतंय असं दिसतं त्यांच्या घरी दुसरा पगार येतोय.

पण यात नवीन काही नाही हो. घाशीराम कोतवाल ज्यांनी १९७२ला बसवलं ते जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, दौंडला दवाखाना चालवायचे. त्यात नाना फडणवीस करणारे मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, पूर्णवेळ नाटकात आले ते चाळिशीच्या आसपास. मराठी रंगभूमीवरचं कितीतरी चांगलं काम ओपीडी संपल्यावर संध्याकाळी झालेलं आहे. २८ हजारांना नाक मुरडू नका.

सांगलीकर_काका

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. (लांब होईल, चहा घेऊन बसा.)

बाळ, तू विंगेत उभी राहून जे बघत होतीस ना, पद चालू असताना बाकीचे तिघं काय करतात, तोच या धंद्यातला मुख्य प्रश्न आहे. गद्य नाटक बसवणारे चांगले चांगले लोक संगीत नाटकाला हात घालतात आणि इथेच गाडी अडते. ते गद्य बसवतात, पद आलं की गायकावर सोडून देतात, तो माइकसमोर येतो, एक पाय पुढे, डोळे मिटून आलाप, आणि समोरची सुभद्रा बिचारी साडीचा पदर चाचपत बसते. पद म्हणजे त्या प्रवेशातलं पात्राचं वागणंच आहे, तेवढ्यापुरती मैफल नव्हे. अर्जुन गातोय ते कुणाला पटवायला, ऐकणाऱ्याच्या मनात पहिल्या ओळीला काय आहे आणि शेवटच्या ओळीला काय आहे, हे ठरवल्याशिवाय उभंच राहू नये.

संगीत शाकुंतल १८८०ला पुण्यात आलं, त्यात दोनशेच्या वर पदं होती आणि लोक रात्र रात्र बसायचे. पुढे बालगंधर्वांच्या काळात पदं कमी पण एकेक पद वन्समोअर घेत घेत तासभर. ते त्या माणसाला शोभलं, त्याच्या गळ्यावर तिकिटं विकली जायची. आपण आज ते करायला गेलो तर साडेदहाला प्रेक्षक शेवटच्या बससाठी उठतो. अभिषेकीबुवांनी मत्स्यगंधापासून, १९६४ची गोष्ट, पदाची लांबीच आटोक्यात आणली, गाण्याला हवी तेवढीच जागा. आणि कट्यार काळजात घुसली (१९६७) बघ, दारव्हेकर मास्तरांनी लिहून स्वतःच बसवलं, त्यात गाणंच भांडणाचं कारण आहे, घराणं गाण्यातूनच चोरलं जातंय, म्हणजे तिथे गाणं काढलं तर नाटकच उरत नाही. नवीन नाटक निवडताना हा एकच चाळणीचा नियम लाव, पदं काढून संहिता वाच, तरी नाटक नीट चालत असेल तर त्यातली अर्धी पदं गाळायला मोकळी आहेस.

आता तांत्रिक. तुला गाणं येतं हे फार मोठं भांडवल आहे, याची तुला कल्पना नाहीये. नायक काळी एकला (म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून) गाणार, नायिका काळी चारला, एकाच प्रवेशात पाठोपाठ पदं आली की ऑर्गनवाल्याने मधल्या दोन वाक्यांत पट्टी कशी बदलायची हे दिग्दर्शकाने संहितेत लिहून ठेवायला हवं. पदाच्या आधीची गद्याची शेवटची दोन-तीन वाक्यं कुठल्या उंचीवर बोलली जातायत ते ऐक. नट वरच्या पट्टीत ओरडून थांबला आणि पद मंद्रातून सुरू झालं तर प्रेक्षकाला खड्ड्यात पाय गेल्यासारखं होतं. आमचे जुने साथीदार त्या शेवटच्या वाक्यांखाली हळूच षड्ज धरून ठेवायचे, नटाचं बोलणं आपोआप सुरात उतरायचं. हे कुठल्याही कोर्सला शिकवत नाहीत. म्हणून माझं मत, ललित कला केंद्रात जरूर जा, १९८७पासून आहे, नाटककार सतीश आळेकर सर तिथे बरीच वर्षं प्रमुख होते, नाटक-संगीत-नृत्य एका छताखाली, तुझ्यासारखीला त्याचा दुहेरी फायदा. पण सुट्ट्यांमध्ये तालमीत बस. पुण्याला भरत नाट्य मंदिर, रत्नागिरीला खल्वायन, ही मंडळी अजून नेटाने करतात. गोव्यात तर देवळाच्या उत्सवात गावातले लोक नाटक उभं करतात, तिथे पंधरा दिवस राहिलीस तरी पुष्कळ कळेल.

आणि तो जो ग्रुपमधला शहाणा आहे त्याला सांग, संगीत रंगभूमीवर शिकवणं आणि बसवणं कधी वेगळं नव्हतंच. नाटक मंडळ्या म्हणजेच शाळा होत्या, पोरं कंपनीत राहायची, जेवायची, सकाळी गाणं, दुपारी तालीम मास्तर. तुमच्या कोल्हापूरचे केशवराव भोसले लहान पोर असताना शारदेच्या भूमिकेत गाजले. दामुअण्णा जोशींच्या बालमोहनमधून छोटा गंधर्व आले, ती तर मंडळीच मुलांची. (त्या काळात पोरांचे हालही व्हायचे, ते झाकून ठेवायचं कारण नाही.)

रेवडी

काकांचं सगळं मान्य पण शेवटचा परिच्छेद वाचून आताच्या शिक्षकांनी हुरळून जाऊ नये म्हणून लिहितेय. मी शाळांमध्ये आणि स्वतंत्र बॅचेस घेऊन मुलांना नाटक शिकवते, हेच माझं पूर्णवेळ काम आहे.

काळी_चार, आधी ठरव की तुला मुलांसाठी नाटक करायचंय की मुलांकडून. आपल्याकडे हे दोन्ही एकाच बालनाट्य नावाखाली येतं. सुधा करमरकरांनी १९५९ला लिटल थिएटर सुरू केलं, रत्नाकर मतकरींचं मधुमंजिरी नाटक त्यांनीच आणलं, मग मतकरींनी स्वतःची बालनाट्य संस्था काढली, आणि तेव्हापासून चेटकीण आणि राक्षस करायला कसलेले मोठे नट उभे राहायला लागले, दिलीप प्रभावळकरांची चेटकीण म्हातारेकोतारे अजून आठवतात. १९८६ला मोहन आगाशे बर्लिनचं ग्रिप्स हे मुलांचं थिएटर पुण्यात घेऊन आले, त्यात तर मुलांच्या भूमिकाही मोठेच करतात, परीराणी नाही, राक्षस नाही, घरातली भांडणं, आईबाप, शाळा. हे सगळं मोठ्यांनी मुलांसाठी केलेलं, आणि त्याला दिग्दर्शक लागतो. दुसरं म्हणजे तीस मुलांचा वर्ग, त्यातली चार जणं बोलतच नाहीत, दोन जणं थांबतच नाहीत, तिथे दिग्दर्शकापेक्षा शिक्षक जास्त लागतो. ज्याला एकाच पद्धतीने दोन्ही करायचंय तो मुलांना खेळणी बनवतो, हात इकडे, मान तिकडे, मी म्हणतो तसंच बोल. बालनाट्य स्पर्धेत असली नाटकं डझनाने दिसतात, सगळी मुलं एकाच सरांच्या आवाजात बोलत असतात.

गाण्याबद्दल एक कळकळीची विनंती, तू गाणारी आहेस म्हणून. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला बालगंधर्वांच्या रेकॉर्डवरून पद बसवून तशाच्या तशा हरकती घ्यायला लावू नकोस. टाळ्या पडतात, आजी-आजोबा रडतात, पण पोरीला त्या पदाचा अर्थही कळलेला नसतो आणि गळ्यावर ताण येतो तो वेगळाच. मुलांचा आवाज बारा-चौदाला फुटतो तेव्हा त्यांना जबरदस्तीने वरच्या पट्टीत ठेवायचं नाही, त्या वर्षी त्याला तबल्यावर बसव, सूत्रधार कर, प्रकाशयोजना शिकव. असा मुलगा दुखावला की परत येत नाही, हे मी खूपदा बघितलंय.

शाळेची नोकरी घेणार असशील तर सही करायच्या आधी विचार: नाटकाचे तास टाइमटेबलमध्ये आहेत का, की पीटीच्या तासाला ग्राउंडवर? हॉल मिळणार का? आणि गॅदरिंग कुणाच्या गळ्यात? बऱ्याच शाळांना ड्रामा टीचर म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारी रेकॉर्डेड गाण्यावर आठशे मुलं नाचवणारा माणूस हवा असतो. एका शाळेत मला तीन महिने तेवढंच काम होतं, सोडली. दुसरीकडे मुख्याध्यापिका समजूतदार मिळाल्या, पाचवी ते आठवी आठवड्याला दोन तास, कसलाही प्रयोग दाखवायची सक्ती नाही, तिथे मी सगळ्यात जास्त शिकले.

हेच नीट शिकायचं असेल तर एन्एस्डीचं त्रिपुरात, आगरतळ्याला, एक वर्षाचं टीआयईचं (थिएटर इन एज्युकेशन) केंद्र आहे, शिक्षणात नाटक हाच विषय. दिल्लीचा तीन वर्षांचा डिप्लोमा वेगळा. लोक फक्त दिल्लीच धरून बसतात.

आणि व्यावसायिक प्रयोगात लहान मुलं घेणार असशील तर कायदा वाचून ठेव. २०१७च्या नियमांप्रमाणे दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांच्या वर नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि मुलाच्या मानधनातले निदान २० टक्के त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकायचे. निर्माता म्हणेल कोण बघतंय. तू बघ.

काळी_चार

बापरे, एवढं सविस्तर! सगळ्यांना थँक्यू. काका, पदं काढून संहिता वाचायची आयडिया आजच सौभद्रावर करून बघितली, मजा आली, दोन ठिकाणी चक्क काही फरक पडला नाही (मारू नका).

अजून एक विचारायचं राहिलं. माझा मामेभाऊ जर्मनीत असतो, तो म्हणतो तिकडे ऑपेरा दिग्दर्शन हा रीतसर कोर्स आहे आणि गावागावात सरकारी थिएटरं आहेत, पगार मिळतो, तू तिकडेच ये. मला ऑपेरा यूट्यूबवर सोडला तर काही माहिती नाही. हे शक्य कोटीतलं आहे का की तो नुसता उत्साही आहे?

एल्बेकाठी

मामेभाऊ उत्साही आहे पण खोटं बोलत नाहीये. मी जर्मनीत एका मध्यम आकाराच्या शहराच्या थिएटरात दिग्दर्शन सहायक आहे, इथे रेझीअसिस्टंट म्हणतात, त्यामुळे जरा आतलं सांगते.

हॅम्बुर्ग, बर्लिनची हान्स आइस्लर, म्युनिक अशा ठिकाणी संगीत रंगभूमीच्या दिग्दर्शनाचं वेगळं शिक्षण आहे. जागा अगदी थोड्या. जर्मन चांगलं हवं, कामचलाऊ नाही, कारण तालमीत सत्तर माणसांना एका वाक्यात समजेल असं बोलायचं असतं. आणि दुसरी भिंत म्हणजे पाश्चात्य स्वरलिपी. इथे संहिता नसते हातात, पियानोच्या साथीसकट सगळ्यांचं गाणं छापलेलं जाडजूड पुस्तक असतं, आणि तू म्हणायचं, बेचाळिसाव्या मापात तो दार उघडतो. ते डोळ्यांनी वाचत वाचत नटाकडे बघता यायला हवं. विशारदला भातखंडे लिपी येत असणार, पण हे शून्यापासून शिकावं लागेल, दोन-तीन वर्षं पियानोसकट.

कामाची पद्धत सांगते, कारण मला वाटतं तुला त्याचाच उपयोग होईल. साधारण सहा आठवडे तालीम. गायक पहिल्या दिवशी पाठ करून येतात, स्वर शिकवण्यात दिग्दर्शकाचा वेळ जात नाही. बहुतेक तालमी नुसत्या पियानोवर, ऑर्केस्ट्रा अगदी शेवटच्या टप्प्यात येतो, आणि तो आला की लगाम कंडक्टरच्या हातात जातो, दिग्दर्शक अंधारात बसून चिठ्ठ्या लिहितो. प्रीमियर झाला की दिग्दर्शक दुसऱ्या शहरात पुढच्या नाटकाला निघून जातो! मग पुढचे सगळे प्रयोग सांभाळायचे ते सहायकाने. कुणी आजारी पडलं तर दुपारी विमानाने नवीन गायिका येते, तिला सगळं गाणं येतंय पण कुठून आत यायचं ते माहिती नाही, मी तिला दोन तासांत सगळ्या जागा दाखवते आणि संध्याकाळी ती उभी राहते. हे शक्य होतं कारण सहायकाने प्रत्येक हालचाल पुस्तकात लिहून ठेवलेली असते. दोन वर्षांनी तोच ऑपेरा नव्या संचात उभा करतात तेव्हा तेच पुस्तक काढतात. आपल्याकडे असं पुस्तक कुणी ठेवतं का? जुन्या मंडळ्यांची किती बसवलेली कामं नुसत्या आठवणीवर गेली. शाळा असो की राज्य नाट्य, पहिल्या तालमीपासून असं पुस्तक ठेव, एवढं तरी इथून उचल.

आणि मुलांचं काम इथे साइडचं समजत नाहीत. बहुतेक सरकारी थिएटरांत मुलांच्या नाट्यशिक्षणासाठी पगारी माणसं असतात, तो स्वतंत्र पेशा आहे. बर्लिनची कोमिशे ओपर मुलांचे ऑपेरा तिच्या मुख्य रंगमंचावर पूर्ण ऑर्केस्ट्रासकट करते. नाताळात घरोघरची पोरं हेन्झेल उन्ड ग्रेटल बघायला येतात, १८९३चा ऑपेरा, त्यातला हेन्झेल म्हणजे मुलगा बहुधा बाईच गाते, बालगंधर्वांच्या उलट प्रकार. मुलांच्या कॉयरसाठी नियम कडक आहेत, सहा वर्षांवरचं मूल प्रयोगाला दिवसात चार तासांच्या वर नाही आणि रात्री अकराच्या पुढे अजिबात नाही, म्हणून आम्ही दोन दोन संच तयार ठेवतो.

आता बाकीचं. करार बहुतेक सीझनपुरते, ऑक्टोबर संपायच्या आत थिएटरने नको असं कळवलं की पुढच्या उन्हाळ्यानंतर नवीन गाव शोधा. संध्याकाळ आपली नसते, शनिवार-रविवार नसतो. पगार सहायकाला बेताचा, घरभाडं जाऊन फार उरत नाही. मी सुखात आहे, पण मला ऑपेराच करायचा होता, लहानपणापासून पियानो होता. तुझं वेड संगीत नाटकाचं असेल तर त्याच्यासाठी जर्मनीला यायचं म्हणजे फार लांबचा वळसा आहे.

पुणेरी_मिसळ

एक शंका. एवढा खटाटोप करण्यापेक्षा ट्रॅकवर, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या साथीवर, नाटक का करत नाही लोक? ऑर्गनवाल्याचा खर्च वाचला, पट्टीचा घोळ संपला. संगीत देवबाभळी २०१७ला आलं, दोनच बायका, आणि किती वर्षं हाऊसफुल्ल चाललं. संगीत नाटक महाग असतं हे कारण जरा जुनं झालं.

सांगलीकर_काका

@पुणेरी_मिसळ देवबाभळी चाललं ते दोन पात्रं आहेत म्हणून नव्हे. आवली आणि लखुबाई यांना गाण्याशिवाय दुसरी भाषाच नाहीये त्या नाटकात, माझ्या चाळणीत ते पहिल्या फटक्यात बसतं. बाकी ट्रॅकबद्दल, नव्या रचनेला चालेल, मी सोवळं पाळत नाही. पण जुन्या पदाला ट्रॅक लावलास तर नट ट्रॅकचा नोकर होतो. एखाद्या रात्री तान सुचली, घेता येत नाही, समोरच्याच्या डोळ्यात पाणी आलं, थांबता येत नाही. नवीन मुलांना तर सुरुवातीला ट्रॅकवर अजिबात उभं करू नये, तबलजीकडे बघून सम पकडायची सवयच लागत नाही.

विंगेतून

काका बरोबर बोलताहेत पण तबलजीची नाईट काका देणार का 😀

(मजेत घ्या. खरंच सांगतो, नवीन दिग्दर्शकाने पहिलं काम म्हणून पूर्ण पाच अंकी घेऊ नये, स्पर्धेला सव्वा दोन-अडीच तासांत बसेल अशी कापलेली रंगावृत्ती करा, साथीला दोनच माणसं, नेपथ्य एक.)

काळी_चार

एल्बेकाठी, तुमचा प्रतिसाद मामेभावाला पाठवला, तो म्हणाला ठीक आहे, मग फिरायला ये.

तर सध्या असं ठरतंय. शाळेत उद्या भेटायला बोलावलंय, रेवडीताईंचे सगळे प्रश्न वहीत लिहून घेतलेत, गॅदरिंगचा सगळ्यात आधी विचारणार. पूर्णवेळाऐवजी आठवड्याचे तीन दिवस देतील का तेही बघते, पगार कमी झाला तरी चालेल, उरलेल्या दिवसांत पुण्याला तालमीला जाता येईल. ललित कला केंद्राचा फॉर्म या वर्षी भरतेच आहे, लागला नंबर तर शाळेला तसं आधीच सांगून ठेवणार, नंतर भांडण नको.

एक मदत हवी आहे. सातवी-आठवीच्या मुलांना घेऊन अर्ध्या तासाचा एक संगीत प्रवेश लिहायचा विचार आहे, पदं चारच, सगळी त्यांच्या गळ्याला झेपतील अशी. कोल्हापूर-सांगली-मिरज भागात कुणी ऑर्गन वाजवणारं माहिती आहे का, जे मुलांवर ओरडत नाहीत?

सांगलीकर_काका

मिरजेत आहेत एक, वय झालंय पण हात अजून तसाच. ओरडतात थोडं, पण मुलांवर नाही, तबलजीवर. तुझा नंबर इथे टाकू नकोस, व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, मी त्यांना विचारून कळवतो. आणि पदांची पट्टी आधी ठरवून घे, त्यांच्या ऑर्गनची एक पट्टी पावसाळ्यात अडकते.